सहा आकड्यांची कोलंबी

बॅलार्ड इस्टेटमधल्या एका क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत मी बावीस वर्षं कागद भरतोय. शिपिंग बिल, बिल ऑफ एंट्री, पॅकिंग लिस्ट, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन. आता बहुतेक सगळं संगणकावर होतं, तरी आमच्यात अजून 'कागद टाकला का?' असंच विचारतात. या धंद्यात मालाला नाव नसतं, आकडा असतो. आपल्याकडची गोठवलेली कोलंबी म्हणजे ०३०६ १७. हे सहा आकडे जगभर सारखे. पुढे प्रत्येक देश आपापले आकडे जोडतो. ससून डॉकला पाटीतून उतरलेली कोलंबी टोकियोच्या कस्टमवाल्याला कळते ती या आकड्यामुळे.

इंग्लंडशी व्यापार करार झाला, २४ जुलै २०२५ला सह्या झाल्या, तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोनच तऱ्हेचे मेसेज फिरत होते. एक, स्कॉच स्वस्त होणार. दोन, देश विकायला काढला. स्कॉचचं खरं आहे, पण अर्धवट. आयात शुल्क १५० टक्क्यांवरून करार लागू झाल्यावर ७५ वर आणि मग दहा वर्षांत ४० वर यायचं आहे. हे 'दहा वर्षांत' कुणी वाचलं नव्हतं. मला सवयीने तेच आधी दिसतं. आमचा सगळा धंदा मुदतीवर चालतो. बंदरावर कंटेनर फुकट ठेवण्याचे दिवस संपले की डेमरेजचं मीटर धावायला लागतं, मग मालक ओरडतो. त्यामुळे व्यापाराचा कुठलाही करार समोर आला की मी शुल्काचा आकडा नंतर बघतो, आधी बघतो मुदत कोणाला किती दिलीय.

व्यापार धोरण म्हटलं की लोकांना फक्त शुल्क आठवतं. शुल्क म्हणजे दारावरचा टोल, दिसतो म्हणून त्यावर बोललं जातं. पण गेल्या तीस वर्षांत, म्हणजे १ जानेवारी १९९५ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाल्यापासून, खरी कुस्ती दाराच्या आत सरकली आहे. माल कसा बनवला, सरकारने कारागिराला किती सवलत दिली, औषधाचं पेटंट किती वर्षांचं, परदेशी कंपनीचा तोटा झाला तर तिने कुठल्या कोर्टात जायचं, हे सगळं करारात येतं. संघटनेच्या स्थापनेच्या कराराच्या पहिल्याच पानावर शाश्वत विकासाचा उल्लेख आहे, म्हणजे पुढच्या पिढ्यांचं ओरबाडून आज खायचं नाही. उल्लेख पहिल्या पानावर आहे. भांडणं पुढच्या पानांवरून होतात.

मला हे सगळं कळायला लागलं ते कासवामुळे.

ससून डॉक १८७५ सालचं. पहाटे चारला गेलात तर पायाखाली बर्फाचं पाणी, वर ट्यूबलाइट, आणि लिलावाचा असा कालवा की शेजारच्याला ओरडून सांगावं लागतं. पण मला लिलावापेक्षा मागच्या शेडा आठवतात. तिथे बायका ओळीने बसून कोलंबी सोलतात. डाव्या हाताने डोकं मोडायचं, उजव्या अंगठ्याने पाठीकडून साल काढायची, सोललेली एका घमेल्यात, साल दुसरीकडे. पैसे किलोवर. कोलंबी बर्फातली असते, त्यामुळे बोटं बधिर होतात आणि डोक्यावरचा काटा कधी शिरला ते संध्याकाळीच कळतं. मला एकीने हात दाखवले होते. बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली, पावसाळ्यात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी.

आमच्याकडे तेव्हा समुद्री मालाचं थोडं काम होतं. एका निर्यातदाराचा माल अमेरिकेला जायचा होता आणि सोबत डीएस-२०३१ नावाचा फॉर्म लागायचा. त्यात प्रश्न असा की ही कोलंबी शेततळ्यातली की समुद्रातली, आणि समुद्रातली असेल तर कासवाला इजा न होता पकडली का. मी नवखा होतो. कोलंबीच्या कागदात कासव कसं आलं, ते साहेबांना विचारलं तर त्यांनी 'चौकोन भर' एवढंच सांगितलं.

गोष्ट अशी आहे. ट्रॉलर तळाशी जाळं ओढत नेतो. कासवाला श्वासासाठी पाण्यावर यावं लागतं, आणि ओढीच्या जाळ्यात बराच वेळ अडकलं तर ते बुडून मरतं. समुद्रातला प्राणी बुडून मरतो, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण तसंच आहे. उपाय साधा आहे: जाळ्याच्या गळ्यात एक तिरकी जाळी बसवायची, खिडकीच्या ग्रिलसारखी. कोलंबी गजांमधून मागच्या पिशवीत जाते, कासव गजांना अडून झडपेतून बाहेर पडतं. याला टेड म्हणतात. अमेरिकेने आपल्या बोटींना ते सक्तीचं केलं आणि १९८९ साली कायदा केला की बाहेरची कोलंबीही याच पद्धतीने पकडलेली हवी, नाहीतर आमच्या दारात नको. सुरुवातीला हा नियम शेजारच्या कॅरिबियन पट्ट्यातल्या देशांना होता. १९९६मध्ये तो सगळ्या जगाला लागू केला.

भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड तक्रार घेऊन जागतिक व्यापार संघटनेकडे गेले. १९९८च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या अपील मंडळाचा निकाल आला. आपल्याकडे त्याची बातमी 'अमेरिका हरली' अशी झाली. ते चुकीचं नाही, पण गंमत पुढे आहे. मंडळाने कासव वाचवण्यासाठी व्यापार अडवणं चूक ठरवलं नाही. संपत जाणारी नैसर्गिक संपत्ती जपण्यासाठी असं करता येतं, हे मान्य केलं. अमेरिका अडकली ती वागणुकीत. कॅरिबियन पट्ट्यातल्या देशांना तिने टेड बसवायला तीन वर्षं दिली होती आणि शिकवायला माणसंही पाठवली होती. आशियातल्या देशांच्या वाट्याला आले चार महिने.

तीन वर्षं आणि चार महिने. कासव तेच, कोलंबीही जवळपास तीच. मला विचाराल तर 'न्याय्य विकास' या जड शब्दाचा अर्थ या दोन मुदतींमधल्या फरकात आहे. पर्यावरणाचा नियम चांगला की वाईट हा प्रश्न बहुतेक वेळा चुकीचा असतो. नियम चांगलाच असतो. तो पाळायला लागणारा वेळ, पैसा आणि शिकवणी कोणाला मिळाली, यावर तो कोणाला तारणार आणि कोणाला बुडवणार हे ठरतं.

अमेरिकेने नंतर आपले नियम थोडे सैल केले, कायदा तसाच राहिला. २०१९मध्ये तिने भारताचं प्रमाणपत्र काढून घेतलं आणि आपल्या समुद्रातली कोलंबी त्या बाजारातून बाहेर गेली. आंध्रच्या तळ्यात वाढवलेली व्हॅनामेई जातीची कोलंबी चालते, अरबी समुद्रातली चालत नाही. आपल्याकडे टेड नव्हतं असंही नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या जाळ्यांना जमेल असं टेड कधीच तयार केलं होतं. पण संस्थेत तयार होणं वेगळं आणि बोट चालवणाऱ्या तांडेलाने ते रोज जाळ्यात बसवणं वेगळं. त्याची तक्रार असते की झडपेतून कासवाबरोबर त्याचा मालही बाहेर जातो. त्याची नुकसानभरपाई कोण देणार, याचा जबाबदार माणूस कुणी दाखवत नाही.

आणि फॉर्मची एक गंमत. शेततळ्याच्या चौकोनावर खूण केली की काम भागतं. पण त्या तळ्यांचे वेगळे घोळ आहेतच: खारं पाणी, सांडपाणी, बाजूच्या भातजमिनीचं नुकसान. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६मध्ये किनारपट्टीवरच्या कोलंबी शेतीबद्दल फार कडक निकाल दिला होता. त्यासाठी फॉर्ममध्ये चौकोन नाही. कारण फॉर्म कासवाच्या कायद्याखाली निघालेला आहे, शेतकऱ्याच्या नाही. ज्याच्या बाजूने कोणी दार ठोठावलं त्याचा चौकोन होतो.

सोलणाऱ्या बाईचा चौकोनही नाहीच. बाजार गेला की लिलावात भाव उतरतो, भाव उतरला की बोटीवरचा वाटा घटतो, आणि शेवटी शेडमध्ये माल कमी येतो. तिला 'आज माल नाही' एवढंच कळतं.

हल्ली उलटं उदाहरणही घडलं. २७ ऑगस्ट २०२५पासून अमेरिकेने भारताच्या बऱ्याच मालावर एकूण ५० टक्के शुल्क लावलं, तेव्हा मार बसला तो आंध्रच्या तळीवाल्यांना आणि इथे अंधेरीच्या सीप्झमधल्या हिरे-दागिन्यांच्या कारखान्यांना. त्याच्या मागे कासव नव्हतं, राजकारण होतं. एक वर्ग मात्र दोन्ही वेळी सारखाच सापडला: दिवसावर किंवा नगावर काम करणारा.

मासेमारीचं दुसरं प्रकरण सबसिडीचं आहे आणि ते मला जास्त गुंतागुंतीचं वाटतं. सरकारं बोटींना डिझेल, इंजिन, बर्फ कारखाना यांसाठी पैसे देतात. त्यामुळे बोटी वाढतात आणि समुद्रातले मासे संपतात. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत चौदावं उद्दिष्ट समुद्राचं आहे आणि अशा सवलती थांबवण्याचं कलम त्यात आहे. त्यावर जून २०२२मध्ये जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेत करार झाला आणि १५ सप्टेंबर २०२५ला तो अमलात आला. बेकायदा मासेमारीला आणि आधीच ओरबाडलेल्या माशांच्या साठ्यावर चालणाऱ्या मासेमारीला सवलत द्यायची नाही, असा त्याचा गाभा आहे. दुसरा भाग, म्हणजे एकूणच बोटींची संख्या फुगवणाऱ्या सवलती, अजून अडकलेला आहे. भारताने त्यासाठी विकसनशील देशांना २५ वर्षांची मुदत मागितली. युक्तिवाद असा की ज्या देशांच्या अजस्र बोटी जगभरच्या समुद्रांत फिरतात त्यांनी समुद्र रिकामा केला, आमचा कोळी किनाऱ्याजवळ डोल जाळं लावतो. आमची सवलत माणशी मोजली तर चिल्लर आहे.

युक्तिवादात दम आहे. पण वर्सोव्याच्या कोळ्यांशी बोला, मग दुसरी बाजू कळते. महाराष्ट्रात मच्छीमारांना डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो, सोसायट्यांमार्फत. ज्याचं इंजिन मोठं, तो जास्त डिझेल जाळतो, त्याचा परतावा मोठा. एक सिलिंडरची होडी घेऊन जाणाऱ्याला तुलनेने काय मिळणार? पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या बोटीवाल्यांवर छोट्या कोळ्यांचा राग जुना आहे. म्हणजे 'आमचा गरीब कोळी' असं जिनिव्हात म्हणायचं आणि घरी सवलत इंजिनाच्या आकाराने वाटायची, हे जुळत नाही. २५ वर्षांची मुदत मागणं मला पटतं. मुदतीत काय करणार हे सांगितलं असतं तर जास्त पटलं असतं.

मुदत मिळाली आणि ती खरंच वापरली, असंही झालंय. औषधांत.

१९७०च्या आपल्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूला पेटंट नाकारलं होतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीला दिलं. दुसरी पद्धत शोधा आणि तेच औषध बनवा. जागतिक व्यापार संघटनेत शिरताना हे बदलायचं कबूल करावं लागलं, पण दहा वर्षांची सवड मिळाली, २००५पर्यंत. मुंबई सेंट्रलला जिचं मुख्यालय होतं त्या सिप्लाने फेब्रुवारी २००१मध्ये एचआयव्हीची तीन औषधांची मिळून वर्षाची मात्रा ३५० डॉलरला देऊ केली, तीही एका सेवाभावी वैद्यकीय संघटनेला. तोवर पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोहाला सगळ्या देशांनी जाहीर केलं की पेटंटचे नियम सार्वजनिक आरोग्याच्या आड येता कामा नयेत.

मग २००५ला कायदा बदलला, पण आपण त्यात दोन कुलपं ठेवली. एक, जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवं पेटंट मिळणार नाही. दोन, सक्तीचा परवाना: औषध लोकांना परवडत नसेल तर सरकार दुसऱ्या कंपनीला ते बनवायची परवानगी देऊ शकतं, मूळ मालकाला रॉयल्टी देऊन. हे दुसरं कुलूप उघडलं ते ९ मार्च २०१२ला आणि मुंबईतच. यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचं नेक्सावार. महिन्याच्या १२० गोळ्यांना सुमारे २ लाख ८० हजार रुपये. पेटंट नियंत्रकांनी नॅटको कंपनीला परवाना दिला, किंमत बांधली ८,८०० रुपये, रॉयल्टी सहा टक्के. परळला टाटा रुग्णालयाच्या बाहेर फुटपाथवर गावाहून आलेली माणसं गाठोडी घेऊन दिवस काढतात, ते पाहिलेल्याला या दोन आकड्यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

माझ्यासारख्या कागदवाल्याला यात एका कागदाचं विशेष कौतुक. फॉर्म २७. पेटंटधारकाने आपलं औषध भारतात किती आणलं, किती विकलं, हे त्यात दरवर्षी लिहून द्यायचं असे. नेक्सावारचं प्रकरण उभं राहिलं ते बरंचसं कंपनीने स्वतःच भरलेल्या या माहितीवर: गरजू रुग्णांपैकी अगदी थोड्यांपर्यंतच औषध पोचत होतं. २०२४च्या मार्चमध्ये नियम बदलले आणि हा फॉर्म तीन वर्षांतून एकदा भरायचा झाला. आणि ज्या इंग्लंडच्या कराराबद्दल ग्रुपवर स्कॉच चालली होती, त्याच्या पेटंटच्या प्रकरणात, औषधं लोकांपर्यंत पोचवायला कंपनीने स्वखुशीने दिलेला परवाना हाच अधिक चांगला मार्ग, अशा अर्थाचं वाक्य आहे. सक्तीचा परवाना त्याने रद्द होत नाही, कायदा जागेवर आहे. पण आम्हा लोकांना माहीत असतं, कराराच्या भाषेत एखादं वाक्य विनाकारण येत नाही. नेक्सावारनंतरच्या दहा-बारा वर्षांत तसा दुसरा परवाना निघालेला नाही, हेही त्या वाक्याशेजारी ठेवून बघा.

आता गुंतवणूक. तिथे माल जात नाही, पैसा येतो, आणि त्या पैशाला संरक्षण देणारे वेगळे करार असतात. हे समजायला मराठी माणसाला परदेशात जायला नको, गुहागर पुरे.

दाभोळचा वीज प्रकल्प, एन्रॉन. १९९३च्या डिसेंबरमध्ये राज्य वीज मंडळाने वीस वर्षांचा करार केला. वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यायचे, आणि हिशेब डॉलरशी बांधलेला. तेव्हा डॉलर एकतीस-बत्तीस रुपयांना होता, २००१ उजाडेपर्यंत सत्तेचाळीसच्या घरात गेला. रुपया पडला तर भार मंडळावर, इंधन महागलं तर भार मंडळावर, विजेची मागणी कमी आली तरी भार मंडळावर. वर राज्य सरकारची हमी आणि केंद्राची प्रतिहमी. १९९५ला युती सरकारने करार मोडला, मग पुन्हा बोलणी करून नवा केला. १९९९ला पहिला टप्पा सुरू झाला, २००१ला प्रकल्प बंद पडला, त्याच वर्षी डिसेंबरात तिकडे एन्रॉनच दिवाळ्यात निघाली.

इथवरचं पुष्कळांना आठवतं. पुढचं कमी जणांना माहीत असतं. प्रकल्पातल्या दोन अमेरिकी भागीदार कंपन्या, बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिक, भारत-मॉरिशस गुंतवणूक संरक्षण कराराखाली लवादात गेल्या. अमेरिकेशी आपला असा करार नव्हता, पण पैसा मॉरिशसच्या कंपन्यांतून आणलेला होता, म्हणजे कागदावर गुंतवणूकदार मॉरिशसचे. कर्ज देणाऱ्या परदेशी बँकांनीही वेगवेगळ्या देशांच्या करारांखाली दावे लावले. २००५ला तडजोड झाली, पैसे मोजावे लागले. जमीन गेलेल्या, विरोध केला म्हणून तुरुंगात गेलेल्या गुहागरच्या गावकऱ्याला कुठल्या आंतरराष्ट्रीय लवादात जाता येतं? कुठल्याच नाही. हे करार एकाच बाजूला दार ठेवून बांधलेले असतात.

याहून मजेशीर प्रकरण व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीचं. कोल इंडियाशी तिचा वाद होता, निवाडा तिच्या बाजूने लागलेला, पण आपल्या कोर्टात त्याची अंमलबजावणी नऊ वर्षं रखडली. ती लवादात गेली आणि २०११मध्ये जिंकली: भारताने वेळेत न्याय दिला नाही म्हणून भरपाई, चाळीस लाखांवर ऑस्ट्रेलियन डॉलर. नऊ वर्षं रखडलेला खटला! आपल्याकडे चाळीतल्या खोलीचा वाद आजोबांकडून नातवाकडे येतो आणि कुणी भरपाईचं नावही काढत नाही.

त्यानंतर सरकार सावध झालं. नव्या नमुना करारात, २०१६पासून, परदेशी गुंतवणूकदाराने आधी पाच वर्षं भारतीय कोर्टांत प्रयत्न करायचे, मगच लवाद. आणि कराचे विषय बाहेर. जुने करार एकामागून एक संपवायच्या नोटिसा गेल्या. पण २०२४ला संयुक्त अरब अमिरातीशी केलेल्या करारात पाचाची तीन वर्षं झाली. पुन्हा मुदतच, बघा.

हवामानाच्या नावाने आता नवा टोल आलाय. १ जानेवारी २०२६पासून युरोपात पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खत असा माल पाठवला की तो बनवताना किती कार्बन हवेत गेला त्याचा हिशेब आणि त्यावर आकार. नट-बोल्टही त्यात येतात. मोठ्या पोलाद कंपनीकडे हिशेब ठेवायला खातं असतं. वसईच्या गाळ्यात चार मशीन टाकून बोल्ट काढणाऱ्याने ती माहिती कुठून आणायची? तो सळई विकत घेतो, ती कुठल्या भट्टीतली हे त्याला दुकानदार सांगत नाही. आणि वसूल झालेला पैसा युरोपच्याच तिजोरीत राहतो, इथली भट्टी सुधारायला येत नाही.

समान स्पर्धेच्या नावाने आकार लावणं मुंबईला नवं नाही. १८९६ साली इंग्रज सरकारने इथल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसवली. कारण काय? तर विलायती कापडावर तेवढंच आयात शुल्क आहे, मग विलायतेतल्या कापडगिरण्यांच्या लँकेशायरवर अन्याय नको. तो कर जायला जवळजवळ तीस वर्षं लागली. दोन्ही एकच, असं मी म्हणणार नाही. तापणारी हवा खरी आहे, लँकेशायरचं रडगाणं लबाडीचं होतं. पण लालबागच्या माणसाने 'सगळ्यांना सारखं' हे शब्द ऐकले की जरा कान टवकारावेत, एवढा अनुभव आपल्या गाठीशी आहे.

नव्या करारांत कामगार आणि पर्यावरण यांची स्वतंत्र प्रकरणं असतात, हे मात्र खरंच नवं आहे. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनश्टाइन या चार देशांशी झालेला आपला करार १ ऑक्टोबर २०२५ला लागू झाला. त्यात शाश्वत विकासावर पूर्ण प्रकरण आहे. ते वाचायला छान आहे. फक्त ते मोडलं तर तंटा लवादात नेता येत नाही, चर्चा करायची. शुल्काचं प्रकरण मोडलं तर नेता येतं. आमच्या भाषेत सांगायचं तर एका कागदावर दंड आहे आणि दुसऱ्यावर विनंती.

आणि हे कागद आपल्याला दिसतात कधी? सही झाल्यावर. आपल्याकडे व्यापार कराराला संसदेची मंजुरी लागत नाही. कायदा बदलायचा असेल तेवढाच भाग तिच्याकडे जातो. युरोपात तिथल्या संसदेचं मतदान लागतं. वाटाघाटी गुप्त ठेवाव्या लागतात हे मला कळतं, पत्ते दाखवून कोणी डाव खेळत नाही. पण निर्यातदारांच्या संघटनांना मंत्रालय आधी बोलावून विचारतं, आणि ते योग्यच आहे. मच्छीमार सोसायटीला, रुग्णांच्या गटाला, बोल्टवाल्याला त्याच टेबलावर खुर्ची का नसावी, याचं उत्तर गुप्ततेत सापडत नाही.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, पावसाळी बंदी उठल्यावर, मी बऱ्याच वर्षांनी ससून डॉकला गेलो. शेडमध्ये एका मावशींशी बोलता बोलता कासवाचा विषय काढला. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "कासव आला जाल्यान् तर आमी हलदकुंकू लावून सोडतू. तो देव हाय."

मी म्हटलं, "मावशी, ते अमेरिकेच्या फॉर्मवर लिहायची सोय नाही."

"मंग हे सगलं लिवतान कुठं?"

"बरंचसं जिनिव्हाला. स्वित्झर्लंडमध्ये."

"तिथं दर्या हाय?"

"नाही. मोठं तळं आहे, त्याच्या काठावर ऑफिस आहे."

त्यांनी पहिल्यांदाच हात थांबवला, माझ्याकडे बघितलं, आणि शेजारणीला काहीतरी सांगितलं. दोघी बराच वेळ हसत होत्या.